मदत हवी आहे: 'टेल्स फ्रॉम द किंगडम ऑफ फाइफ'नंतर काय ऐकू?

नमस्कार मंडळी,

इथे पॉवर मेटल (हेवी मेटलचा वेगवान, सुरेल प्रकार) ऐकणारं कुणी असेल तर जरा मार्गदर्शन हवं आहे.

कॉलेजात असताना हा प्रकार मी मनापासून ऐकायचो. हॅलोवीन या बँडच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे १९८७ आणि १९८८ चे दोन्ही भाग, फिनलंडच्या स्ट्रॅटोव्हेरियसचा 'व्हिजन्स', इटलीच्या रॅप्सडीचे सुरुवातीचे अल्बम. पुढे नोकरी, घर, या सगळ्यात ते मागे पडलं. अलीकडे भाचीने ग्लोरीहॅमर या बँडचा 'टेल्स फ्रॉम द किंगडम ऑफ फाइफ' (२०१३) लावला आणि मी पुन्हा पुरता अडकलो आहे.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. झारगोथ्रॅक्स नावाचा दुष्ट जादूगार मेलेल्या युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्यांचं) सैन्य घेऊन डंडी शहरावर चाल करून येतो, राजकन्येला कैद करतो, आणि राजपुत्र अँगस मॅकफाइफ हातोडा, ड्रॅगन आणि ताईत मिळवत त्याच्याशी लढायला निघतो. गावं सगळी खरी आहेत! फाइफ हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा भाग, टे नदीच्या मुखापलीकडे डंडी. क्रेल हे तिथलं छोटंसं मासेमारीचं बंदर, आणि अल्बममध्ये त्याच क्रेलचे सरदार मदतीला येतात. नकाशा उघडून ऐकताना फार मजा येते. जादूगाराची भूमिका बँडचा कीबोर्डवादक क्रिस्टोफर बोज करतो, तोच एलस्टॉर्म या बँडचा गायक.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की कल्पना कितीही अचाट असली तरी गाणारा टॉमस विंकलर प्रत्येक ओळ जीव ओतून गातो. युनिकॉर्नच्या हल्ल्याच्या गाण्यात कोरस येतो तेव्हा मागून अख्खा समूह उचलून धरतो, पोवाड्यात झीलकरी धरतात तसा, आणि अंगावर काटा येतो. शेवटचं गाणं दहा मिनिटांच्या आसपास आहे, तरी कुठे रेंगाळत नाही.

आता प्रश्न:

याच बँडचे पुढचे अल्बम क्रमाने ऐकावेत का? २००५ नंतरचं मला जवळजवळ काहीच माहीत नाही (ड्रॅगनफोर्स हा बँड सोडून), तर कथा सांगणारं आणि चाली लक्षात राहतील असं काय आहे? घशातून गुरगुरणारं गायन नको, भाचीही सोबत ऐकते. आणि एक तांत्रिक शंका: नवीन रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही पायांनी वाजवायच्या डबल बेस ड्रमचा टकटकाट फार पुढे येतो, थोड्या वेळाने कान दमतात. तुम्हालाही होतं का असं?

किल्लेदार:
स्वागत आहे परत! पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, क्रमानेच. 'स्पेस १९९२' (२०१५) मध्ये कथा हजार वर्षं पुढे उडी मारून थेट अंतराळात जाते. आधीचा शेवट माहीत नसेल तर जादूगार बर्फातून का सुटतोय तेच कळणार नाही. २०२३ च्या अल्बममध्ये गायक बदलला आहे, सायप्रसचा सोझोस मायकल. आवाज वेगळा आहे, पण मला तोही आवडतो.

नव्यांपैकी स्वीडनच्या ट्वायलाइट फोर्सचा 'टेल्स ऑफ एन्शंट प्रॉफेसीज' (२०१४) घ्या. जुना रॅप्सडी आवडत असेल तर हा थेट त्याच घराण्यातला. इंग्लंडच्या फेलोशिपचा 'द सेबरलाइट क्रॉनिकल्स' (२०२२) भाचीसाठी खास. तलवारी आहेतच, पण गाणी मुळात धीर देणारी आहेत.

रानवाट:
टकटकाटाबद्दल: बऱ्याच नव्या रेकॉर्डिंगमध्ये किक ड्रमच्या (म्हणजे त्याच बेस ड्रमच्या) प्रत्येक ठोक्यावर आधीच रेकॉर्ड केलेला तयार आवाज बसवतात. त्यामुळे वेगातही एकेक ठोका सारखाच आणि टोकदार ऐकू येतो. इक्वलायझरमध्ये दोन ते पाच किलोहर्ट्झचा पट्टा किंचित खाली आणून बघा, कानाला बराच आराम मिळतो. फार खाली नेऊ नका, गायकाचे शब्दही तिथेच असतात.

आणि नवीन शोधताना एक जुना राहून गेला असेल तर आधी तो ऐका: अव्हान्टासिया या प्रकल्पाचा 'द मेटल ऑपेरा' (२००१). १६०२ सालच्या जर्मनीतल्या माइन्झ शहरातली गोष्ट, प्रत्येक पात्राला वेगळा गायक. हॅलोवीनचा काई हान्सेन बुटक्याच्या भूमिकेत आहे, ब्राझीलचा आंद्रे मातोस एल्फच्या, आणि तुमच्या 'कीपर'चा गायक मायकल किस्के ड्रुइडच्या (प्राचीन केल्टिक पुजाऱ्याच्या). तोबियास सामेटने हे सगळं जमवलं तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता.

धागाकर्ता:
किल्लेदार, रानवाट, दोघांचेही मनापासून आभार. इक्वलायझरचं लगेच करून पाहिलं, फरक खरंच जाणवतो. किस्के पुन्हा गाताना ऐकायला मिळणार म्हणून 'मेटल ऑपेरा' आज रात्रीच लावतोय. त्याचा दुसरा भागही आहे असं दिसतंय. तो लगेच ऐकू की आधी पहिला नीट मुरू देऊ?

रानवाट:
पहिला आधी मुरू द्या, गीतांचे शब्द समोर ठेवून. दुसरा (२००२) उघडतो तेच मुळी चौदा मिनिटांच्या गाण्याने. पात्रं ओळखीची झालेली असली की ते जास्त भिडतं.