फोन एक, पण वाजतो चार ठिकाणी : तुम्ही ही घंटा कशी थांबवली?

आमचे बाळ सात महिन्यांचे आहे आणि त्याला झोपवायला पाऊण तास लागतो. गेल्या आठवड्यात त्याचा नुकताच डोळा लागला असताना एक कॉल आला आणि खिशातला फोन थरथरला, पाळण्याशेजारच्या कपाटावरचा टॅबलेट खणखणला, पाठोपाठ बाहेरच्या टेबलावरचा संगणकही वाजू लागला. फोन मी आधीच सायलेंट केला होता. पण सायलेंट केलेला फोन स्वतःपुरता गप्प बसतो, जोडलेल्या उपकरणांना आवरत नाही, हे मला त्या रात्री कळले.

आयफोनचा कॉल आयपॅडवर आणि मॅकवर घेण्याची सोय २०१४ साली आयफोन-आयपॅडची आयओएस ८ आणि मॅकची योसेमिटी या प्रणालींबरोबर आली. उपकरणांवर एकच ॲपल खाते असले आणि ती एकाच वाय-फायवर असली की कॉल सगळीकडे वाजतो. सेटिंग्जमध्ये फोनच्या पानावर ‘कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस’ असा पर्याय आहे (आयओएस १८पासून फोनच्या पानावर पोहोचण्यासाठी आधी ‘ॲप्स’मध्ये जावे लागते). तिथे प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे वेगळे बटण असते. मी टॅबलेटचे बटण बंद केले आणि संगणकाचे चालू ठेवले, कारण काम करताना तिथे बोलणे मला सोयीचे वाटते. आपल्याकडे कोणती जोडणी होती, ती कुठून बंद केली आणि त्यापायी काही गमवावे लागले का, हे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

*

आमच्या घरी अडचण आवाजाची नव्हती, खाजगीपणाची होती. खरेदी केलेली ॲप्स सर्वांना वापरता यावीत म्हणून आम्ही पती-पत्नी आणि मुलगी एकच ॲपल खाते वापरत होतो. माझ्या तपासणीचा अहवाल सांगण्यासाठी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी स्नानगृहात होते. मुलीने टॅबलेटवर हिरवे बटण दाबले, आणि जे मी आधी एकटीने ऐकून, पचवून, मग योग्य शब्दांत घरच्यांना सांगणार होते, ते तेरा वर्षांच्या मुलीने अर्धवट ऐकले. मी ओल्या हातांनी बाहेर आले तेव्हा ती टॅबलेट छातीशी धरून उभी होती. सुदैवाने अहवालात गंभीर काही नव्हते. पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

त्यानंतर आम्ही केवळ घंटा बंद करून थांबलो नाही, तर खातीच वेगळी केली. ‘फॅमिली शेअरिंग’मध्ये सहा जणांपर्यंत स्वतंत्र खाती एकत्र जोडता येतात आणि बरीचशी खरेदी सर्वांना वापरताही येते, म्हणजे एका खात्याचा आमचा हट्ट मुळात अनावश्यकच होता. एकाच खात्यावर कॉलची यादीदेखील एका उपकरणावरून दुसऱ्यावर जाते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

*

माझा अनुभव विंडोज संगणकाचा आहे. मी भाषांतराचे काम करतो आणि दिवसभर कानांवर हेडफोन असतो. ‘फोन लिंक’ हे फोन विंडोज संगणकाला जोडणारे ॲप मी छायाचित्रे संगणकावर आणण्यासाठी जोडले होते आणि त्याच ओघात कॉलची परवानगीही देऊन बसलो. मग कॉल आला की फोन हातात घ्यायच्या आधीच घंटा थेट कानात वाजू लागली. हे कॉल ब्लूटूथवरून संगणकात येतात, हे कळल्यावर मी आधी ब्लूटूथच बंद करून पाहिले. पण त्याने माझा बिनतारी माउसही बंद पडला. खरा उपाय ‘फोन लिंक’च्या सेटिंग्जमध्ये, ‘फीचर्स’खाली, कॉलची परवानगी काढून घेणे हा आहे. छायाचित्रे आणि संदेश पूर्वीसारखेच दिसत राहतात.

*

व्हॉट्सॲपच्या कॉलसाठी हे सारे उपाय लागू पडत नाहीत, कारण त्याची जोडणी निराळी असते. मुख्य फोनखेरीज चार उपकरणे त्याला जोडता येतात. जुन्या कार्यालयातून निघताना मी तिथल्या संगणकावरून व्हॉट्सॲप बंद केले, पण लॉग-आउट करायला विसरलो, आणि एक दिवस माजी सहकाऱ्याने कळवले की तुमच्या बहिणीचा कॉल इथे वाजतो आहे. फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून त्या संगणकाचे नाव काढून टाकले. त्या यादीत प्रत्येक उपकरण शेवटी कधी वापरले गेले हेही दिसते. मी आता महिन्यातून एकदा ती तपासतो. मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर जोडलेली उपकरणे आपोआप सुटतात, परंतु रोज फोन वापरणाऱ्याला या नियमाचा उपयोग नाही.

*

सॅमसंगचा फोन आणि टॅबलेट असणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये ‘कॉल अँड टेक्स्ट ऑन अदर डिव्हायसेस’ शोधावे. माझे काम दोन मिनिटांत झाले.

*

उत्साहाच्या भरात सगळेच बंद करू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. वाचनात व्यत्यय नको म्हणून मी टॅबलेटवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावले. ‘शेअर अक्रॉस डिव्हायसेस’ (एका ॲपल उपकरणावरची शांतता बाकीच्यांवरही लावणारा पर्याय) चालू असल्यामुळे तीच शांतता फोनवरही पसरली आणि आईचा कॉल मला कळलाच नाही. ती जिन्यात घसरून पडली होती. शेजाऱ्यांनी तिला सावरले. आता तो पर्याय मी बंद केला आहे, आईचे नाव परवानगीच्या यादीत घातले आहे, आणि तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देणारी सोयही चालू ठेवली आहे.

*

वरील सर्वांच्या तक्रारी मला पटतात, तरीही माझी बाजू नोंदवतो. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने कमी ऐकू येते. फोन कोणत्या खोलीत वाजतो आहे, हे मला आवाजावरून ओळखता येत नाही. म्हणून माझ्याकडे फोन, टॅबलेट आणि घड्याळ ही तिन्ही वाजतात, आणि ती तशीच वाजावीत अशी माझी इच्छा आहे. फक्त रात्री पत्नीची झोप मोडत असे, तेव्हा टॅबलेट मी बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवला आणि घड्याळाचा आवाज बंद करून त्याची थरथर तेवढी राखली. मनगटावर ती जाणवली की मी उठतो, दार ओढून घेतो आणि बाहेर जाऊन बोलतो.