सासूबाईंना अल्झायमर : ब्युरोची बाई की केंद्र? (पुणे)

कोथरूडकर : सासूबाई 74 वर्षांच्या, आजार मधल्या टप्प्यावर. रात्री दार उघडून बाहेर जातात. घरी ब्युरोकडून चोवीस तासांची सांभाळणारी बाई ठेवावी की त्यांना अशा पेशंटच्या निवासी केंद्रात ठेवावं? आयुष्मान कार्डात हा खर्च बसतो का?

हिशेबी : 70 पूर्ण झालेल्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. केंद्राची महिन्याची फी, बाईचा पगार, डायपर सगळं खिशातूनच. जुनी करप्रणाली असेल तर डिमेन्शियाच्या (अल्झायमर त्यातलाच) उपचारखर्चावर 1 लाखापर्यंत वजावट मिळते. न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन आणि 40 टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. ही वजावट तुमच्या यजमानांनी घ्यावी, सुनेला मिळत नाही.

सावली : बँकेचं आधी बघा, कृपया. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. त्यांना अजून समजतंय तोवर खातं जॉइंट करा, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने व्यवहार करू शकतं.

रातपाळी : चोवीस तासांची एकच बाई म्हणजे रात्री तीही झोपणार. भटकणाऱ्या पेशंटला रात्रीची वेगळी बाई लागते. केंद्र बघायला संध्याकाळी जा, अस्वस्थता तेव्हाच वाढते. रात्री किती जणांमागे एक मदतनीस? जेवणाची किंवा लघवीची नळी लागली तर ठेवतात का? डिपॉझिट परत कधी? लेखी घ्या. भटकणं एकाएकी वाढलं असेल तर आधी लघवी तपासा, संसर्गानेही असं होतं. पत्ते हवे असतील तर ज्येष्ठांची हेल्पलाइन एल्डरलाइन 14567.