पाणवेली उपसायच्या की सांडपाणी अडवायचं?

गोदाकाठी: नाशिकला आलेले पाहुणे पुलावरून गोदावरी बघून म्हणतात, "नदी किती हिरवीगार!" ही हिरवळ म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेली पाणवेल, म्हणजे जलपर्णी. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद खाऊन ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. नासर्डी-वाघाडी या उपनद्यांतून मैला येतोय तोवर यंत्रानं उपसणं म्हणजे आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय.

सायखेडकर: वरच्या अंगाला बसून बोलणं सोपं आहे, दादा. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की तुमची हिरवळ खाली आमच्या सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकते आणि फुगवटा शेतात शिरतो. सांडपाणी थांबेल तेव्हा थांबेल. तोवर मे महिन्यात, पूर यायच्या आत, शहरातच वेल काढा.

गोदाकाठी: काढा ना! पण काठावर ढीग लावून जाऊ नका, पहिल्याच पुरात तो परत नदीत जातो.

मळेवाला: तणनाशक मारा, काम साफ. एवढा काथ्याकूट कशाला?

पक्षीवेडा: आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, त्याचं काय? २०२० साली जाहीर झालेलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, महाराष्ट्रातलं पहिलं. मेलेली वेल पाण्यात कुजली की प्राणवायू संपतो, मग मासे मरतात. त्यापेक्षा पाणवेल खाणारे भुंगेरे सोडा. भारतात ते १९८३ पासून वापरात आहेत.

सायखेडकर: तळ्यात ठीक. इथे पुरात वेलीबरोबर भुंगेरेही वाहून जातील. शिवाय त्यांना जम बसवायला दोन-तीन वर्षं लागतात, पूर दरवर्षी येतो.

जाळंवाला: सगळे वेलीवरच अडलेत. पाण्याखालीही परके मासे आहेत. चिलापी १९५२ साली सरकारनेच देशात आणली. मांगूर, म्हणजे त्याची आफ्रिकी जात, बंदी असूनही चोरून पाळतात. पुरात तळं फुटलं की तो नदीत, आणि समोर येईल ते गिळतो.

पक्षीवेडा: मग चिलापीही हटवायला हवी.

जाळंवाला: हटवा म्हणे! माझ्या टोपलीत निम्म्याहून जास्त तीच असते, पोरांची फी तिच्यावर निघते. मांगूरची तळी बुजवा, मी स्वतः दाखवतो कुठे आहेत. चिलापीला हात लावायचा तर आधी मरळ, वांब हे इथले मासे परत आणून दाखवा.

गोदाकाठी: मरळीलाही स्वच्छ पाणी लागतं, भाऊ.

जाळंवाला: मरळ चिखलातही जगते, दादा. वेलीखालच्या अंधारात जाळंच टाकता येत नाही, खरं दुखणं ते आहे. वेल आधी काढा.