मदत हवी आहे : कडुनिंबाच्या ढोलीत धनेशाचं घरटं, आणि झाड तोडायची घाई

नमस्कार मंडळी. आमच्या लेआउटमध्ये, नागपूरच्या मानेवाडा भागात, जुना कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीत राखी धनेश या पक्ष्याची मादी बसली आहे. ढोलीचं तोंड लिंपून ती आत स्वतःला कोंडून घेते, उडायची पिसंही तिथंच गाळते. फटीतून नर फळं, किडे भरवतो. आत्ता झाड पडलं तर तिला उडताही येणार नाही.

शेजाऱ्यांना पावसाआधी झाड काढायचं आहे. वादळात फांद्या मोडतात, त्यांची भीती खरी आहे. पण जून सरेपर्यंत थांबता येईल ना? धनेशाला ढोली कोरता येत नाही, त्याला अशी म्हातारी झाडंच लागतात.

१९७५च्या राज्याच्या झाडं जपण्याच्या कायद्यानं झाड तोडायला मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात घरटी मोडणं शिकारीतच मोडतं, एवढं माहीत आहे. नागपुरात कोणी असं काम लांबवलं आहे का? अर्ज आधी मनपा उद्यान विभागाकडे द्यावा की थेट वनविभागाकडे? ढोली राखून फक्त धोक्याच्या फांद्या छाटणारा जाणकार माणूस कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया लवकर कळवा. शेजाऱ्यांशी भांडण नको आहे, त्यांना सोबत घेऊनच करायचं आहे.