बदलापूर पश्चिमेला नदीजवळचं बैठं घर घ्यावं का? सल्ला हवा

नमस्कार मंडळी,
आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये पाच जण राहतो. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि तिसरीतली मुलगी. बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं बैठं घर विकायचं आहे. पुढे अंगण, मागे विहीर, दारात जांभूळ. घर बघायला गेलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या त्या उठेचनात. किंमत आवाक्यात आहे. एजंट म्हणतो, पाणी २००५ साली एकदाच आलं होतं. तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी हेंद्रेपाड्यात लहानाची मोठी झाले. 'एकदाच' हे खरं नाही. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवासी बाहेर काढावे लागले, तो पूर ह्याच नदीचा. आपल्याकडे पाऊस उघडलेला असतो तरी नदी चढते, कारण पाणी घाटातून, कर्जत-नेरळकडून येतं. माझी आई जुलैत रात्री कर्जतच्या मावशीला फोन लावायची, "तिकडे कितपत आहे?" मावशी "धो धो" म्हणाली की आधी तांदळाचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर जायची.
घर परत बघायला जा, पण एजंटशिवाय. दाराची चौकट खालून फुगली आहे का, विजेचा मीटर किती उंचीवर बसवलाय, रंग फक्त छातीपर्यंतच नवा आहे का, एवढं बघा. आणि शेजारी जाऊन विचारा. तिथली माणसं फार चांगली आहेत, खोटं सांगणार नाहीत.

प्रतिसाद २
पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधनं असतात, उद्या वर मजला चढवायचा म्हटलं तर अडेल. नगरपरिषदेत गट नंबर देऊन चौकशी करा. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि सगळ्या वारसांच्या सह्या वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या घरांत वारसांपाशीच घोडं अडतं.

प्रतिसाद ३
पूर्वेला कात्रप, शिरगावकडे बघा ना. नदी लांब पडते. जवळपास नाला नाही ना, तेवढं बघून घ्या. सकाळी कर्जतहून येणारी लोकल भरूनच येते, बदलापूरहून सुटणारी धरायची. जांभळाची काळजी नको, बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन आहे, झाडं पूर्वेलाही भरपूर.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भर पावसात गेलो होतो. शेजारच्या काकूंनी आत बोलावलं, चहा दिला आणि कपाट थोडं सरकवून भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. मुलगी तिथे जाऊन उभी राहिली, तर रेघ तिच्या डोक्याच्या वर. सासूबाई परतीच्या गाडीत गप्प होत्या. कल्याण आल्यावर म्हणाल्या, "नको गं ते घर."
कात्रप किंवा शिरगावला बैठं घर कुणाच्या माहितीत आहे का? विहीर नसली तरी चालेल. ओटा मात्र हवा.