सातवा महिना आणि उभ्याची नोकरी: हलका पट्टा कोणता घ्यावा?

पहिलीच्या_बाई

नमस्कार. मला २८वा आठवडा लागलाय, दुसरं बाळंतपण आहे. जावळी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. साताऱ्याहून मेढ्यापर्यंत एसटी आणि तिथून पुढे वडाप, असा रोजचा प्रवास.

दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी सांगते. मेडिकलमध्ये मी नुसतं "कंबर दुखते" म्हणाले आणि तिथेच चुकले. कंबरेच्या मधोमध मला काही नाही. माकडहाडाच्या वर दोन बाजूंना खळ्या असतात ना, त्यातल्या उजव्या खळीत दुखतं, आणि पुढे दोन्ही जांघांच्या मधल्या हाडात. एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकला की पुढच्या हाडात कळ येते. एका पायावर उभं राहून सलवार घालता येत नाही. मुलांसोबत सतरंजीवर बसले तर उठताना फळ्याच्या चौकटीला धरावं लागतं. रात्री कूस बदलायची म्हणजे आधी मनाची तयारी करायची.

डॉक्टरबाईंनी तपासलंय, बाळ छान आहे. "आधाराचा पट्टा वापरून बघा" म्हणाल्या. कोणता ते विचारायचं राहून गेलं, बाहेर रांग होती.

मेडिकलमधून ६५० रुपयांचा आणला. नऊ इंच रुंद, मागे चार पोलादी पट्ट्या. दोन दिवस वापरला. उभी असताना ठीक वाटायचं, पण खुर्चीत बसलं की वरची कड बरगड्यांत रुतायची आणि खालची पोटात. जेवण वर यायचं, छातीत जळजळ व्हायची, पाठीवर घामोळं उठलं. शिवाय जिथे दुखतं त्या खळीपर्यंत तो पोचतच नव्हता.

सासूबाई म्हणतात, आत्ता काही आवळू नकोस, बाळावर दाब येईल. त्या काळजीनेच म्हणतात. पण १८० दिवसांची रजा बाळ आल्यावर जास्तीत जास्त वापरायची म्हणून मी राखून ठेवलीय, तेव्हा अजून काही आठवडे उभं राहावंच लागणार. हलका, पातळ, शाळेत दिवसभर निभेल असा पट्टा कुणी वापरलाय का? बघताना काय काय बघायचं?

---

फिजिओ_कराड

ताई, तुम्ही जागा इतकी नीट सांगितलीत की अर्धं काम झालं. तुम्हाला मिळाला तो एल-एस बेल्ट, म्हणजे कंबरेच्या मणक्याला आधार देणारा पट्टा. मणक्याच्या दुखण्यासाठी तो बरा, गरोदरपणातल्या या दुखण्यासाठी नाही.

पेल्व्हिस म्हणजे तीन हाडांचं कडं समजा. मागे मधोमध त्रिकोणी हाड, त्याच्या दोन बाजूंना दोन मोठी हाडं, आणि ती दोन्ही पुढे जांघेच्या मधोमध एकमेकांना भेटतात. मागच्या दोन सांध्यांपैकी एक तुमच्या त्या खळीपाशी आहे, पुढचा सांधा तिथे आहे जिथे पायरी चढताना कळ येते. गरोदरपणात हे सांधे धरून ठेवणारे बंध सैलावतात, वरून वजन वाढतं, चालण्या-उभं राहण्याची ढब बदलते. एका पायावर भार आला की कडं थोडं कुरकुरतं. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला हा त्रास होतो, तेव्हा "सगळ्यांनाच होतं, सोसा" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पट्टा घेण्याआधी घरी एक करून बघा. मिनिटभरच उताणं झोपा आणि गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर उचला. किती जड वाटतो ते लक्षात ठेवा. मग कुणाला तरी दोन्ही खुब्यांच्या बाजूंनी तळहातांनी हलकं आत दाबून धरायला सांगा आणि पाय पुन्हा उचला. दाबल्यावर पाय हलका वाटला तर पट्टा तुम्हाला उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. काहीच फरक नसेल तर पैसे घालवण्याआधी एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पट्टा हवा चार-पाच बोटं रुंद. लवचिक, जाळीदार, सळ्या नसलेला. तो पोटावर येतच नाही. कंबरेवर हात ठेवल्यावर पुढे हाडाची जी दोन टोकं लागतात, त्यांच्या लगेच खालून तो मागे खळ्यांवरून फिरतो. मागे जास्त दुखत असेल तर इथेच ठेवा. पुढच्या हाडाचा त्रास जास्त असेल तर आणखी खाली, खुब्यांच्या पातळीवर घेऊन बघा. दोन्ही जागा वापरून ठरवा, प्रत्येकीची वेगळी असते. सासूबाईंना दाखवा, पट्टा बाळाच्या खालून जातो. पोट आवळणारा पट्टा नको, हे मात्र त्यांचं बरोबर आहे.

आवळायचा किती? आत दोन बोटं सहज जावीत. करकचून बांधल्याने जास्त आधार मिळत नाही, उलट खाली जडपणा आणि मुंग्या येतात. उभं असताना, चालताना घाला. बसल्यावर सैल करा, झोपताना काढा.

फक्त पट्ट्यावर सोडू नका. झोपताना दोन्ही गुडघ्यांत उशी, कूस बदलताना गुडघे जोडलेले, सलवार बसून घालायची, पायरी चढताना कठडा धरून एकेक पायरी. सतरंजीवर मांडी घालणं सध्या बंद, मुलांना तुमच्या खुर्चीभोवती बसवा. आणि जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर पट्ट्याचा विचार सोडून थेट दवाखाना.

---

माई_देवरूख

अगं पोरी, नवा पट्टा घ्यायच्या आधी एक दिवस जुनेर बांधून बघ. मऊ सुती जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाड, चार बोटं रुंद घडी घाल आणि वर फिजिओंनी सांगितलंय तिथे खाली, खुब्यांवरून फिरवून बाजूला गाठ मार. गाठ हाडावर येऊ देऊ नकोस, टोचते. दिवसभर शाळेत वापर. बरं वाटलं तर मग पैसे घाल.

आमच्याकडे बाळंतपणानंतर पोट बांधायचे, तेही जुनेरानेच. माझ्या सुनेला मी बांधत होते, ती म्हणाली, "आई, घट्ट बांधलं की खाली ओढल्यासारखं होतं." तेव्हापासून मी सैल बांधायला लागले.

---

फिजिओ_कराड

माई, सुनेने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत हे फार चांगलं केलंत. वरून पोट आवळलं की जोर खाली ओटीपोटाच्या तळावर जातो. बाळंतपणानंतरही आधार हवा असेल तर तो खुब्यांवर, आणि सिझेरियन असेल तर टाक्यांबद्दल डॉक्टरांना विचारून.

---

विदर्भातली_लेक

मी बँकेत काउंटरवर असते. मागच्या वर्षी नागपूरच्या उन्हाळ्यात आठव्या महिन्यापर्यंत असाच पट्टा वापरला. थोडं वापरण्यातलं सांगते.

रबरी स्पंजासारख्या कापडाचा घेऊ नका, घाम आतच राहतो. माप कंबरेचं घेऊ नका, पट्टा बसणार त्या पातळीवर, रोजचे कपडे घालून टेप फिरवा. तुमचं माप दोन साइझच्या सीमेवर असेल तर मोठा घ्या, अजून दोन महिने वाढायचंय. अंगावर थेट नको, आत सुती काहीतरी हवंच. साडी असेल तर परकरावरून बांधा आणि वेल्क्रोचं टोक पूर्ण झाकलं गेलंय का बघा, नाहीतर साडीचे धागे ओढले जातात. माझी एक इरकल तशीच गेली.

आणि पुढून उघडणाराच घ्या. या दिवसांत तासातासाला बाथरूमला जावं लागतं, मागून बांधायचा पट्टा असेल तर रडू येतं.

---

पहिलीच्या_बाई

बारा दिवसांनी लिहितेय, शाळेत तपासणी होती.

पाय उचलायची चाचणी नवऱ्याला खुबे धरायला लावून केली. पाय खरंच हलका झाला, सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. नंतर माईंनी सांगितल्याप्रमाणे जुनेराची पट्टी त्यांनीच फाडून दिली. दोन दिवस ती बांधून गेले आणि तिसऱ्या दिवशी साताऱ्यातून पट्टा घेतला. अडीच इंच रुंद, जाळीदार, पुढून उघडणारा. दुकानात साडीवरूनच बांधून दहा मिनिटं फिरले, दोन जिने चढले, मगच पैसे दिले.

मी दोन्ही जागा वापरून बघितल्या. माझ्यासाठी खालची बरी, खुब्यांच्या पातळीवरची. एसटीची पायरी चढताना कळ अजून येते, पण जीव जात नाही. परिपाठाला उभी राहू शकते. फळ्यावर लिहिताना मागची खळी दुखायची ते बरंच कमी झालंय. रात्रीच्या दुखण्यावर पट्ट्याचा काही उपयोग नाही, तिथे गुडघ्यांतली उशी कामाला आली. आता मुलं माझ्या खुर्चीभोवती बसतात. पट्टा सैल केला की वेल्क्रोचा चर्र आवाज होतो, मग त्यांना कळतं बाई आता बसणार, आणि कुणीतरी धावत पाण्याची बाटली आणून देतं.

एकच अडचण उरलीय. आमच्याकडे पाऊस लागलाय आणि धुतलेला पट्टा दोन दिवस वाळत नाही. लवचिक कापड म्हणून चुलीजवळ टांगायची भीती वाटते. मधल्या दिवशी पुन्हा जुनेर बांधून जाते. कुणाकडे पावसाळ्यातला उपाय असेल तर सांगा, नाहीतर दुसरा पट्टा घेईन म्हणते.

---

विदर्भातली_लेक

चुलीजवळ नकोच, लवचिकपणा जातो. वेल्क्रो बंद करून हाताने धुवा, पिळू नका. कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबा आणि रात्रभर पंख्याखाली टांगा. माझा सकाळपर्यंत वाळायचा. पण दुसरा घ्याच, ताई.