प्लाझ्मा एचिंगच्या (वायूच्या प्लाझ्माने सिलिकॉन कोरण्याच्या) शोधाची पेटंट तपासणी लवकर हवी आहे, काय करावं?

ड्रायएच: सिलिकॉनमध्ये खोल खाचा कोरताना भिंतींवर लाटा उमटतात. त्या कमी करणारी प्रक्रिया आणि तिच्यासाठीचा गॅस-नोझल, असा शोध आहे. अर्जदार पुण्याची डीपीआयआयटी-मान्य (केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता असलेली) स्टार्टअप. प्रोव्हिजनल (तात्पुरता पहिला अर्ज) मुंबईत दाखल आहे. पुढचा क्रम कसा ठेवावा?

अठराए: पेटंट नियमांतला नियम २४सी, म्हणजे जलद तपासणीचा, वापरा. ही सवलत तुम्हाला सेमीकंडक्टरमुळे नाही, स्टार्टअप असल्यामुळे मिळते. म्हणून फॉर्म २८ (स्टार्टअप असल्याचा) आणि मान्यतेचं प्रमाणपत्र आधी नीट लावा. प्रोव्हिजनलपासून १२ महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन), मग लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९ (२,५०० रुपये) आणि जलद तपासणीचा फॉर्म १८ए (८,००० रुपये) एकत्र, ऑनलाइनच. मोठी कंपनी सहअर्जदार घेतलीत तर एकट्या १८एचेच ६०,००० होतात.

परीक्षकाला अहवालासाठी एक, फार तर दोन महिने. कंट्रोलरला एक महिना, त्यानंतर १५ दिवसांत एफईआर (आक्षेपांचा पहिला तपासणी अहवाल). उत्तराला सहा महिने मिळतात आणि घाईतले अर्ज नेमके इथेच रखडतात. उत्तर महिन्याभरात द्या. शेवटच्या उत्तरापासून तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

चेंबरलॉग: महिन्याभरात उत्तर द्यायचं तर आकडे आधीच स्पेसिफिकेशनमध्ये हवेत. 'योग्य दाब', 'पुरेसा प्रवाह' असं लिहिलंत की कलम १०(४)चा (वर्णन अपुरं असल्याचा) आक्षेप ओढवून घेतलात. एसएफ६ आणि सी४एफ८ या वायूंचे प्रवाह एससीसीएममध्ये (मिनिटाला किती घन सेंटिमीटर), प्रत्येक आवर्तनाचे सेकंद, दाब मिलिटॉरमध्ये, आरएफ पॉवर, वेफरचं (सिलिकॉनच्या चकतीचं) तापमान, सगळं द्या. शेजारी जुन्या नोझलवरची तीच चाचणी आणि लाटांची खोली नॅनोमीटरमध्ये. शोधकतेचा (शोध सहज सुचण्यासारखा नाही, हा) वाद याच तक्त्यावर लढवायचा असतो, आणि कलम ५९मुळे नवी माहिती स्पेसिफिकेशनमध्ये नंतर घुसवता येत नाही.

प्रक्रिया आणि नोझल एकाच कल्पनेत बांधा, नाहीतर अर्ज विभागावा लागेल. क्लेम (हक्काचे दावे) १०पर्यंत ठेवा, वरच्या प्रत्येकाला जादा शुल्क आहे.

ड्रायएच: मास्कचा (चिपचा आराखडा उमटवणाऱ्या साच्याचा) लेआउट त्यातच घालू का? अमेरिकेतही अर्ज करायचाय.

अठराए: लेआउट नको, कलम ३(ओ) (चिपच्या रचनेला पेटंट नाही) आडवं येतं. त्याची नोंदणी २०००च्या लेआउट-डिझाइन कायद्याखाली वेगळी होते, १० वर्षांसाठी.

अमेरिकेसाठी कलम ३९ पाहा. शोधक भारतात राहत असतील तर इथल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबायचं, किंवा फॉर्म २५ने परवानगी घ्यायची. नोझल प्रोव्हिजनलमध्ये नसेल तर त्याचे सहा आठवडे नव्याने मोजा.

चेंबरलॉग: फॉर्म ९ दिला की महिन्याभरात रेसिपी जगजाहीर. नोझलची पुढची आवृत्ती तयार होत असेल तर तिचा अर्ज त्याआधी करा. भारतात पेटंट ऑफ अॅडिशनचा (मूळ शोधातल्या सुधारणेच्या जोडपेटंटचा) आधार आहे. बाहेर तुमचंच प्रकाशन तुमच्या विरोधात उभं राहू शकतं.